आठ कसे आले?

गेल्या वर्षी आमच्या शाळेचे गणिताचे सर महिनाभर रजेवर गेले आणि त्यांचा नववीचा तास माझ्या गळ्यात पडला. मी भाषेचा मास्तर. बी.एड.ला माझ्या दोन अध्यापन पद्धती होत्या, उर्दू आणि मराठी. गणिताशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेच्या दिवशी संपला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बस मुलांना शांत ठेवा, उदाहरणं सोडवायला द्या." मी पुस्तक उघडलं. बीजगणिताचं चौथं प्रकरण, गुणोत्तर व प्रमाण. आमच्या मुलांच्या पुस्तकात निस्बत आणि तनासुब.

निस्बत हा शब्द पाहून जरा बरं वाटलं. म्हटलं, हा तर आपल्या इलाख्यातला आहे. आपल्याकडे मुलीची निस्बत ठरते, म्हणजे सोयरीक ठरते. निस्बत म्हणजे नातं. मराठीतला गुणोत्तर हा शब्द हिशेबी आहे, किती पट ते सांगतो. निस्बत सांगते की या दोन आकड्यांचं आपसात काहीतरी आहे, एकट्याला अर्थ नाही. मुलांना मी हेच सांगून सुरुवात केली. मुली हसल्या, मुलं लाजली, आणि दहा मिनिटं तास छान चालला. मग पहिलं शाब्दिक उदाहरण आलं.

दोन भावांच्या वयांचं गुणोत्तर ५:७ आहे. चार वर्षांनी ते ३:४ होईल. तर आजची वयं काढा.

वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं: ५ + ४ = ९, ७ + ४ = ११. गुणोत्तर ९:११. मग पुस्तकातल्या ३:४ शी ते जुळेना, म्हणून पेन चावत बसली. काहींनी सरळ लिहून टाकलं, "उदाहरण चुकीचे आहे."

त्या दिवशी मला कळलं की ही चूक गणिताची नाही, माझ्या विषयाची आहे. मुलांना बेरीज येत होती. त्यांना ५:७ हे वाक्य वाचता येत नव्हतं. त्यांनी पाच म्हणजे पाच वर्षं असं वाचलं. पाच ही वर्षं नाहीत, पाच हे हिस्से आहेत. एक हिस्सा किती वर्षांचा, हे कुणी सांगितलेलंच नाही, आणि तेच शोधायचं आहे. वर्षं वर्षांत मिळवता येतात, हिश्श्यांत नाही.

हे मी तीन प्रकारे समजावलं, तिन्ही वेळा माना हलल्या आणि तिन्ही वेळा वहीत ९:११ आलं. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा मदतीला आला. हा पोरगा गणितात कायम काठावर. वडील गवंडी, सुट्टीत हाही त्यांच्याबरोबर स्लॅबच्या कामावर जातो. मी त्याला सहज विचारलं, "काँक्रीटला माल कसा कालवतात रे?" तो म्हणाला, "एक-दोन-चार. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी." मी म्हटलं, "एक म्हणजे एक किलो का?" तो असा हसला की जणू मीच काठावर पास झालोय. "नै सर, एक म्हणजे एक घमेलं. बडा काम हो तो एक पोतं. कुछ भी लो, पन तिन्हींना मापटं एकच पाहिजे."

पुस्तकात ज्याला के-पद्धत म्हणतात ती हीच. के म्हणजे घमेलं. आजची वयं ५ के आणि ७ के. चार वर्षांनी ५ के + ४ आणि ७ के + ४. त्यांचं गुणोत्तर ३:४, म्हणून पहिल्याची चौपट आणि दुसऱ्याची तिप्पट सारखी. २० के + १६ = २१ के + १२. के चार निघाला. एक घमेलं चार वर्षांचं. मोठा २८ चा, धाकटा २०. चार वर्षांनी ३२ आणि २४, म्हणजे ४:३. पोरांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी नाही, त्या मुलासाठी.

पुढचे काही दिवस मी गणिताच्या तासाला उघडउघड भाषाच शिकवली. 'पैकी' या शब्दावर एक आख्खा तास घेतला. वर्गात मुलगे आणि मुली ३:२ आहेत. मग मुली किती? पोरं म्हणतात दोन तृतीयांश. अरे, दोन तृतीयांश कुणाच्या? मुलग्यांच्या. वर्गापैकी म्हणाल तर दोन पंचमांश. गुणोत्तर कधी हिश्श्याची हिश्श्याशी तुलना करतं, कधी हिश्श्याची सगळ्याशी, आणि हा फरक एका 'पैकी'त लपलेला असतो. तसाच दुसरा शब्द 'उरलेले'. शाब्दिक उदाहरणात ज्यानं 'उरलेले' हा शब्द डोळ्याआड केला तो गेलाच.

वाचायला लागलो तसा मलाही नाद लागला. नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी जी किताब लिहिली तिच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून अल्जिब्रा हा शब्द आला, हे आपण अभिमानाने सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर फारच अभिमानाने सांगतो. पण त्या किताबीत एकही चिन्ह नाही, सगळं शब्दांत आहे, म्हणजे सगळीच शाब्दिक उदाहरणं. अज्ञात संख्येला ते 'शय' म्हणतात, म्हणजे वस्तू, काहीतरी. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात त्यालाच 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे जितकं असेल तितकं. त्यांच्या बीजगणिताचा फारसी तर्जुमा १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रशीदी यांनी केला. हे ताजमहालाचे मेमार उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव, आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार मानले जातात ते हेच. शाळेच्या सहलीत त्या मकबऱ्यासमोर मी किती वेळा मुलांचे फोटो काढलेत, पण दरवाज्यावर ज्याचं नाव कोरलंय त्याने भास्कराचार्य वाचले होते हे मला ठाऊक नव्हतं. शय, यावत्तावत्, के, घमेलं. एकाच गोष्टीची चार नावं.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. ख्वारिज्मींच्या त्या किताबीचा जवळजवळ अर्धा भाग वारसा आणि वसीयतीच्या हिशेबाचा आहे. प्रस्तावनेतच ते सांगतात की लोकांना मिरास, वाटणी, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी यांत जे लागतं ते मी लिहितोय. त्यांचं एक उदाहरण असं: एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा, तीन मुली. तिने एका परक्या माणसाला मालमत्तेचा आठवा आणि सातवा हिस्सा मिळून द्यायची वसीयत केली आहे. आधी त्या परक्याचं काढायचं, छप्पन्नातले पंधरा. उरलेल्याचे वीस भाग करायचे: नवऱ्याला पाच, मुलाला सहा, प्रत्येक मुलीला तीन. सगळं पूर्णांकात आणायचं तर मालमत्तेचे ११२० भाग करावे लागतात. परक्याला ३००, नवऱ्याला २०५, मुलाला २४६, मुलींना १२३-१२३. बेरीज करून बघा, जमते.

हे मी वर्गात सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर काही दिवस वाटत राहिलं.

मी सांगितलं आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. सकाळी मकतबला जाऊन मग शाळेत येणारी मुलगी. "सर, मीरास में अपना भी ऐसाच है ना? लड़के को दो, लड़की को एक?" म्हटलं, हो. सूरह निसाच्या अकराव्या-बाराव्या आयतीत हिस्से दिलेत. पण आधी कफन-दफनाचा खर्च, मग मय्यतवरचं कर्ज, मग वसीयत असेल तर ती, तीही एक तृतीयांशाच्या आत. मग उरलेल्यातून ज्यांचे हिस्से ठरलेले आहेत ते, आणि त्यानंतर जे उरेल ते मुलामुलींत २:१ ने. इथेही 'उरलेले' आहेच, बघा.

आणि हातात खडू होता म्हणून मी फळ्यावर उदाहरण लिहिलं: एक माणूस वारला. कर्ज नाही, वसीयत नाही. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन एक एकर. प्रत्येकाला किती गुंठे?

चाळीस गुंठे मी आकडे सोपे यावेत म्हणून घेतले, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

मुलीने सगळ्यात आधी वही आणली. उत्तर: मुलगे १६-१६, मुलगी ८. बायकोला काहीच नाही. तिने चाळिसाचे सरळ पाच हिस्से केले होते, २:२:१. मी आठवर लाल पेनाने गोल केला आणि म्हणालो, "उरलेले कुठंय?" मुलं आहेत म्हणून बायकोचा आठवा हिस्सा, ५ गुंठे. उरले ३५. त्याचे पाच भाग, एक भाग सात गुंठ्यांचा. मुलगे १४-१४, मुलगी ७. पाच, चौदा, चौदा, सात. बरोबर चाळीस.

तिने खोडून सात केलं. मग वही छातीशी धरून तिथंच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, पर सच में देते क्या?"

मी म्हणालो, "द्यायला पाहिजे." घंटा झाली.

आता ती जमीन कुणाची ते सांगतो. अब्बांचा इंतकाल २००९ साली झाला. मागे अम्मी, भाईजान, आपा आणि मी. रस्त्याला लागून एक एकर. आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, सातवीपर्यंत शिकलेली. मला अलिफ-बे तिने शिकवलं. २०१० मध्ये हक्कसोडपत्र झालं. भाईजान म्हणाले, "उसकी शादी में अब्बा ने खर्चा किया, जेवर दिया, और क्या?" मी काही बोललो नाही. मला तेव्हा नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते, घर बांधायचं होतं, आणि मी गप्प बसलो. आपा एसटीने आली, सही केली, अंगठ्याला लागलेली शाई पदराने पुसली. ऑफिसबाहेर आम्ही तिला उसाचा रस पाजला आणि परतीचं तिकीट काढून दिलं. २०१६ मध्ये अम्मी गेल्या. पुन्हा एक कागद निघाला, तिने तोही सही केला. तेव्हापासून जमिनीचा जो काही खंड येतो तो भाईजान आणि मी निम्मा-निम्मा घेतो. ईदला आपाला कपडे जातात. आंब्याची पेटी जाते.

हे माझ्या एकट्याच्या घरातलं नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. आपल्याकडे तलाकवर, बुरख्यावर बोलायला सगळे तयार असतात, बाहेरचेही आणि आतलेही. सातबाऱ्यावर कुणी बोलत नाही. जुम्याच्या खुतब्यात सुद्धा मी मिरासीवर क्वचितच ऐकलंय. उलट सतरा उंटांचा किस्सा दर दोन महिन्यांनी फोनवर येतो: बापाने तीन मुलांना निम्मे, एक तृतीयांश आणि एक नवमांश उंट ठेवले, सतराचे भाग पडेनात, मग शहाण्या माणसाने आपला एक उंट मिळवून ९, ६, २ वाटले आणि स्वतःचा परत घेतला. वाहवा होते. अहो, ते तीन अपूर्णांक मिळवून एक होतच नाही, अठरातले सतरा होतात, म्हणून उंट उरला. आणि मिरासीत तीन मुलांना असे कमीजास्त हिस्से असतात तरी कुठे? तिघे समान. आणि त्या किस्स्यात मुलगी नाही, ही गोष्ट कुणाला खटकत नाही.

मी घरी येऊन फराइजची उर्दू किताब काढली. मदरशात 'सिराजी' शिकवतात, तिच्यावरच आधारलेली. एक मसला वाचून मी थक्क झालो. बायको, दोन मुली, आई आणि बाप. हिस्से: आठवा, दोन तृतीयांश, सहावा, सहावा. चोवीस भाग केले तर ३, १६, ४, ४. बेरीज सत्तावीस! चोवीस भाकऱ्या आणि सत्तावीस वाटे. अशी रिवायत आहे की हजरत अली यांना मिंबरवर असताना हा सवाल विचारला गेला आणि त्यांनी खुतबा न थांबवता सांगितलं की बाईचा आठवा आता नववा झाला. म्हणून याला मिंबरिया म्हणतात. म्हणजे काय केलं? चोवीसच्या जागी सत्तावीस भाग केले आणि ३:१६:४:४ हे गुणोत्तर तसंच राखलं. सगळ्यांचं थोडं थोडं कमी झालं, पण कुणाची कुणाशी असलेली निस्बत बदलली नाही. याला 'औल' म्हणतात. इब्ने अब्बास यांना हे मान्य नव्हतं आणि शिया फिकहही मानत नाही, तो भाग वेगळा. मला आवडलं ते हे, की कमी पडलं तर सगळ्यांनी मिळून सोसायचं. आमच्या चाळीस गुंठ्यांत तर कमी पडायचा प्रश्नच नव्हता. आम्ही एकाच माणसाचा भाग शून्य केला होता.

दोन दिवसांनी मी भाईजानांकडे विषय काढला. ते म्हणाले, तिने खुशीने सोडलंय, कागद आहे. शिवाय कुणी वकिलाने त्यांना सांगितलं होतं की १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमीन धरलेलीच नाही. ती गोष्ट खरी आहे, त्या कायद्याने शेतजमीन बाजूला ठेवली. मी म्हटलं, भाईजान, तो कोर्टाचा सवाल झाला. मी अब्बांना काय सांगू? ते उठून वजूला गेले.

आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, तिने मनापासून दिलं असेल तर दिलं. पण तिला आधी तिचा हिस्सा किती ते सांगितलं होतं का? किती देतोय हेच माहीत नसेल तर कसली खुशी? मी म्हटलं, नव्हतं सांगितलं. मौलाना पुढे काही बोलले नाहीत, चहा मागवला.

रात्री वही घेऊन बसलो. अब्बांच्या वेळचे आपाचे सात. अम्मीचे पाच. अम्मी गेल्यावर त्या पाचाचे पुन्हा २:२:१, कारण अम्मींचे आईवडील आधीच गेलेले. भाईजान दोन, मी दोन, आपा एक. म्हणजे आपाचे सात आणि एक.

आठ.

त्या मुलीचं आठ. मी लाल गोल केला होता ते आठ. एका मिनिटाने मला कळलं की यात काही करामत नाही. आई-बाप दोघंही गेल्यावर सगळी जमीनच मुलांत २:२:१ ने वाटली जाते, चाळीस भागिले पाच. तिचं उत्तर तिच्या उदाहरणाला चुकलं होतं. माझ्या घराला बरोबर होतं.

आपाला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणालो, "आपा, एक हिसाब किया मैं. अब्बा की जमीन में तेरे आठ गुंठे होते."

ती लगेच म्हणाली, "आठ कैसे? सात होते ना."

मला काही सुचेना. सातवी पास बाई. तिने कधी केला होता हा हिशेब? सही करण्याआधी, की नंतर? एसटीत बसून? चौदा-पंधरा वर्षं ती ईदचे कपडे घेत होती, आंबे घेत होती, माझ्या मुलांना दुआ देत होती, आणि तिला सात माहीत होते.

मी म्हटलं, "अम्मी का एक."

पलीकडे बराच वेळ शांतता. कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, "अम्मी का तो मैं पकड़ीच नै थी." आणि फोन सुनेकडे दिला.

पुढचं थोडक्यात. वकिलांना विचारलं तर चार-चार गुंठे वेगळे तोडून द्यायला तुकडेबंदी आड येते. मी भाईजानांवर जबरदस्ती करू शकत नाही, पण माझ्या वाट्यात तिचं किती अडकलंय ते काढू शकतो. जमीन मी निम्मी धरून बसलोय, वीस गुंठे, माझे खरे सोळा. चार तिचे. माझ्याकडच्या प्रत्येक पाचातला एक. आजवरच्या खंडाचंही तसंच. अम्मी असतानाची वर्षं वेगळी धरावी लागली, कारण तेव्हा तिचे सात होते आणि अम्मीचे पाच वेगळे, आणि तो हिशेब करताना मला के-पद्धत कामाला आली, हसू नका. चार गुंठ्यांची आजची किंमत आणि मागचा खंड मिळून जी रक्कम झाली ती एकदम देण्याची माझी ऐपत नाही. महिन्याला पगारातून हप्ता पाठवतोय. पहिला हप्ता तिने परत पाठवला. दुसऱ्या वेळी मी स्वतः घेऊन गेलो, तेव्हा ठेवून घेतला, मोजला, आणि मोजताना माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या बायकोने विचारलं, "और आपके ससुराल में मेरे कितने होते?" ते उदाहरण अजून सोडवायचं आहे. त्यात चार मेव्हणे आहेत.

गणिताचे सर रजेवरून परत आले. मी मुलीची वही मागून घेतली आणि लाल गोलाशेजारी लिहिलं, "आई हयात नसेल तर बरोबर." तिने वाचलं, थोडं गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि वही दप्तरात टाकली.

यंदा बकरी ईदला भाईजान आमच्याकडे आले होते. जेवणं झाली. जाता जाता दारात चप्पल घालताना म्हणाले, "वो आठ कैसे आए, जरा लिख के दे." टेबलावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं. पाच, चौदा, चौदा, सात. मग पाचाचे दोन, दोन, एक. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पत्रिकेची घडी केली आणि कुर्त्याच्या खिशात ठेवली.